ताईने कापलेलं कपलिंग

रविवार, तेराव्याची सकाळ. हजर : दादा, वहिनी आणि मी. हृदयविकाराने अचानक गेलेल्या ताईचा, आमच्या थोरल्या बहिणीचा, फोटो अजून भिंतीवर लागला नव्हता आणि दादाने विषय काढला. “वाडी आता होमस्टेवाल्यांना देऊन टाकू. माडांना पाणी कोण लावणार?”

“मी,” मी म्हणाले.

विषय जुनाच. तीन वर्षांपूर्वी नागावच्या आमच्या वाडीतला विहिरीवरचा पंप खडखडून बंद पडला, तेव्हाही दादा हेच म्हणाला होता. मोटार आणि पंप जोडणारं कपलिंग, म्हणजे तीन दात्यांची मुठीएवढी चकती, झिजून गेलं होतं. दुकानदाराने हात झटकले. “काकी, ह्यो पार्ट आता येत न्हाय. नवा पंप घ्या.”

“येत नसेल तर मी करते,” ताई म्हणाली. पोस्टातून निवृत्त झालेली बाई! महिन्याभरात रिकाम्या गोठ्यात टेबलावर मावेल असं मिलिंग मशीन येऊन बसलं. दादा म्हणाला, “या वयात लोकं पोथी वाचतात.”

“तू वाच की. जरा मोठ्यांदा वाच, मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं पाहिजे.”

पंधरा दिवस ती ॲल्युमिनियम कापत होती. चहा घेऊन जावं तर केसांत चंदेरी कीस... पहिलं कपलिंग बसवलं आणि पंप होता तसाच खडखडला. दादा पोट धरून हसला. ताईने जुना तुकडा पुन्हापुन्हा मोजला होता. मापात केसाचा फरक नव्हता. चूक तीच होती. तिने झीजसुद्धा मोजून कापली होती.

ती रडली नाही. जुनं कपलिंग उजेडात धरून बराच वेळ बसली, मग ओरडली, “इकडे ये गं! पंप एकाच दिशेने फिरतो ना? मग दात्यांची दुसरी बाजू झिजलेलीच नाही!” त्या बाजूची मापं तिने आरशात दिसावी तशी पलीकडे उतरवली. दुसरं कपलिंग बसलं. पाणी शेवटच्या माडाच्या आळ्यात पोचलं, आणि दादा पुढे तीन वर्षं वाडीबद्दल बोलला नाही.

ताईचं कपलिंग अजून फिरतंय. पण तेही झिजणार, हे तिला ठाऊक होतं. तेराव्याला जेवणं आटोपल्यावर गोठ्यात गेले, तर मशीनच्या पकडीत आणखी एक कपलिंग. दोन दाते कापून झालेले, तिसऱ्यासाठी नुसती रेघ आखलेली.

याला महिना झाला. वाडी जाणार नाही, हे दादाला दोनदा सांगून झालंय. मशीन चारदा सुरू केलं, चारदा घाबरून बंद केलं. माझ्या कामांच्या यादीत बाकी सगळ्यावर काट मारलीय... तिसरा दाता राहिलाय.