बारा विहिरी आणि एक हार्ड डिस्क

लॅपटॉपमधून टक्‌ टक्‌ असा आवाज येत होता आणि स्क्रीन काळीच होती. नगरच्या दुरुस्तीवाल्याने तो कानाशी धरून ऐकला आणि विचारलं, "मॅडम, हार्ड डिस्क गेली. बॅकअप आहे ना?"

"आहे की," मी ठामपणे म्हणाले. "सगळं तीन ठिकाणी आहे. सी, डी आणि ई."

त्याने स्क्रू काढले आणि पत्त्यांच्या कॅटाएवढी एक चपटी डबी माझ्यासमोर ठेवली.

"तिन्ही ह्याच्यातच हायेत. घर एक, खोल्या तीन. घरच पडल्यावर खोल्या कुठं ऱ्हातात?"

बारावीनंतर मी श्रीगोंद्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तिथले सर सांगायचे, डेस्कटॉपवर काही ठेवू नका, डीमध्ये ठेवा, विंडोज नव्याने टाकलं तरी डी जात नाही. ते खरंच होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सरांनी सांगितलेलं वाक्य वहीत उतरवायचं आणि तसंच वागायचं, एवढंच मला ठाऊक. त्या सरांमुळे मी कॉम्प्युटरला हात लावायला शिकले, हे मी आजही मानते. पण दर शनिवारी सीमधलं डीत आणि डीमधलं ईत उतरवताना, हे तिन्ही एकाच डबीत आहेत हे कधी डोक्यात आलंच नाही. वर कॉलेजात शिकवायला लागल्यावर मुलांनाही मी हेच सांगितलं.

त्या डबीत माझी पीएच.डी. होती. तालुक्यातल्या बारा विहिरींची पाणीपातळी, दर रविवारची, तीन वर्षांची. दर फुटाला गाठ मारलेली दोरी मी प्रत्येक शेतकऱ्याकडे दिली होती. आधी वह्याही दिल्या, पण त्या भिजल्या, हरवल्या. मग ठरलं की मोटरच्या खोलीत, आतल्या भिंतीवर कोळशाने आकडा लिहायचा. महिन्यातून एकदा मी स्कूटीवर जायची, भिंतीचा फोटो काढायची, घरी येऊन आकडे लॅपटॉपवर भरायची. फोन भरला की फोटो लॅपटॉपवर घेऊन फोनमधून काढून टाकायची. प्रबंध सादर करायला चार महिने उरले होते आणि आकड्यांशिवाय त्यात नुसती प्रस्तावना होती.

दुरुस्तीवाल्याने डिस्क पुण्याच्या लॅबला पाठवली. तीन आठवड्यांनी निरोप आला, आतल्या चकतीवर ओरखडे पडलेत, काही निघणार नाही. मी तडक दुकानात गेले. मग त्याला म्हटलं, "भिंती अजून आहेत. पण आकडे पुन्हा मिळाले तर ठेवायचे कशात? टिकणारी डिस्क कोणती, ते सांगा."

"टिकनारी कोनतीच न्हाई, मॅडम. म्हणून दोन घ्या. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि एका छपराखाली ठेवू नका."

बाजारात एक दुकानदार नखाएवढा पेनड्राइव्ह दाखवत म्हणाला, "ताई, ह्यात सगळं कॉलेज मावंल." बिल मागितलं, तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी पुढच्या दुकानात गेले आणि पक्क्या बिलावर, वॉरंटी बघून दोन डिस्क घेतल्या. स्कूटीवर नेण्यासाठी एसएसडी, कारण तिच्यात फिरणारं काही नसतं, धक्के सोसते. दुसरी साधी हार्ड डिस्क, श्रीरामपूरला भावाच्या कपाटात ठेवायला. सांगितलेली जागा खरंच आहे का बघायला दोन्ही आधी फालतू फायलींनी काठोकाठ भरल्या, त्या फायली उघडून पाहिल्या, मग पुसल्या. आता कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नव्हता, माझ्यासुद्धा.

मग भिंतींकडे निघाले. नऊ विहिरींवर आकडे जसेच्या तसे होते. एक खोली रस्ता रुंद करताना पाडली होती. एकीला आतून सिमेंटचा गिलावा झाला होता. बाराव्या खोलीत शिरले तर चारी भिंती पांढऱ्याशुभ्र. विहिरीच्या मालकीणबाई, मी त्यांना मावशीच म्हणायची, मागून आल्या.

"आवं ताई, पोराचं लगीन हुतं. समदीकडं चुना मारला. तुमचं आकडं ऱ्हायलं व्हय त्यात?"

मी मान हलवली. मावशी भिंतीजवळ गेल्या, नखाने खरवडून पाहिलं.

"एकच हात मारलाय. थांबा. आगं, मेन स्विच बंद कर आन् बादली आन!"

सून बादली घेऊन आली. मावशींनी तांब्याने भिंतीवर पाणी मारलं. ओला चुना काचेसारखा पारदर्शक झाला आणि खालून कोळशाचे आकडे वर आले.

"बघा. चुना वाळला की गोरा, भिजला की समदं दावतोय. नव्या नवरीसारखंच, तोंड धुतलं की खरा रंग."

"आत्या, मी हितंच हाय बरं का!"

"हाय म्हनूनच बोलले. बॅटरी नीट धर."

उन्हामुळे पत्रा तापलेला, भिंत बघता बघता वाळत होती. मावशी वीतभर भिजवायच्या, सून मोबाईलचा उजेड धरायची, मी फोटो काढून लगेच वहीत आकडा लिहायची. अकरा बादल्या लागल्या. खालच्या ओळी ओलीने आधीच गेल्या होत्या, बाकी सगळं मिळालं. घरी न जाता मी तिथेच बाजेवर बसून एसएसडी फोनला जोडली, फोटो तिच्यात घेतले आणि एकेक उघडून पाहिला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डिस्कवर प्रत घेतली आणि एसटीने श्रीरामपूर गाठलं.

हरवलेल्या दोन विहिरींचे, विद्यापीठाला दिलेल्या माझ्या सहामाही अहवालांत छापलेले मोजके आकडे तेवढे सापडले. एक सहकारी म्हणाले, "शेजारच्या विहिरींवरून अंदाजाने भरा. कोण बघायला येतंय?" बरेच दिवस मी त्या रिकाम्या रकान्यांकडे बघत होते. पाणी किती होतं हे मोजायला ती माणसं दर रविवारी दोरी घेऊन काठावर उभी राहिली होती. त्यांच्या नावापुढे माझा अंदाज लिहायला हात धजेना.

मार्गदर्शक सरांनी तक्ता पाहून विचारलं, "हे रिकामे का?"

"ते आकडे गेले, सर. माझ्या चुकीने."

"मग तसंच लिहा," ते म्हणाले आणि पान उलटलं.

तक्त्याखाली मी एक ओळ लिहिली: 'संशोधकाने नोंदींच्या सर्व प्रती एकाच डिस्कवर ठेवल्यामुळे या दोन विहिरींच्या बहुतेक आणि बाराव्या विहिरीच्या काही नोंदी उपलब्ध नाहीत.' छपाईवाल्याने विचारलं, ही ओळ बारीक अक्षरात घेऊ का? मी म्हटलं, नको, बाकीच्यांएवढ्याच अक्षरात घ्या.