घड्याळकाकूंची घंटा

भौतिकशास्त्र परिषदेच्या वार्षिक अधिवेशनाला येऊनही घड्याळकाकू कोण हे ज्याला ठाऊक नाही, तो माणूस चुकून शेजारच्या सभागृहातल्या लग्नाला निघालेला असावा, असं खुशाल समजावं. परिषद देशभराची. मोठमोठे प्राध्यापक, संशोधक तिचे सभासद. काकू आपल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. पण अधिवेशन आलं की त्यांचं घर वाऱ्यावर. पाहुण्यांना बिल्ले लावायचे, प्रोजेक्टरची तार पायात येऊ नये म्हणून तिला चिकटपट्टी मारायची, एखाद्या थोर शास्त्रज्ञाचा हरवलेला चष्मा त्याच्याच डोक्यावर शोधून द्यायचा. नवरा म्हणायचा, लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात तर तुझ्यासारख्या, एकही करपत नाही.

काकूंचं खरं राज्य मात्र पहिल्या रांगेतल्या कोपऱ्याच्या खुर्चीवर. तिथे छोट्या टेबलावर एक पितळी घंटा असे, वरचं बटण दाबलं की टण्ण वाजणारी. वक्त्याची वेळ संपत आली की एक टोला, संपली की दुसरा. नियम सगळ्यांना सारखा, असं कार्यक्रमपत्रिकेवर छापलेलं असे. न छापलेला नियम वेगळा होता. विद्यार्थी बोलत असेल तर घंटा खणखणीत वाजायची. मोठं माणूस बोलत असेल तर हळूच, मांजरीच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखी. फारच मोठं असेल तर वाजायचीच नाही. काकूंनीही हा नियम वर्षानुवर्षं निमूटपणे पाळला. त्यामुळेच तर ती खुर्ची त्यांच्याकडे राहिली.

त्या खुर्चीसाठी त्यांनी का जीव टाकला, हे नवऱ्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

तरुणपणी काकूंनी याच परिषदेत एक निबंध वाचायला घेतला होता. विषय साधा होता: दोरीवर टाकलेला ओला कपडा वरून खाली कसा वाळत जातो. सबंध उन्हाळा त्यांनी गच्चीत काढला होता. कपड्याच्या पट्ट्या कापून, टांगून, पुन्हापुन्हा तोलून. सासूबाई शेजारणीला सांगायच्या की आमची सून धुणं वजन करून घेते. निबंध वाचायची वेळ आली ती जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. आधीच्या वक्त्याने घंटेला न जुमानता काकूंचा निम्मा वेळ खाल्ला होता, आणि सत्राचे अध्यक्ष होते ते, ज्यांना पुढे सगळी परिषद मोठे सर म्हणू लागली. तेव्हा ते इतके मोठे नव्हते, पण होणार हे चेहऱ्यावर दिसत होतं. काकूंनी पहिला आलेख दाखवला न दाखवला तोच सरांनी स्वतः घंटा दाबली आणि म्हणाले, "बाई, कपडे घरीच वाळवतात ना? मग उरलेलं घरी वाचा."

सभागृह हसलं. सगळ्यात जोरात हसला तो सरांचा एक लाडका विद्यार्थी. तोच आता परिषदेचा चिटणीस होता.

काकूंनी राग गिळला असं घरच्यांना वाटलं. त्यांनी तो गिळला नव्हता, मुरत घातला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं.

मधल्या काळात सर किती सत्रांत बोलले, पण कधी काकूंची पाळी दुसऱ्या दालनात लागे, कधी उद्घाटनाचं भाषण असल्यामुळे घंटाच नसे. मग एका वर्षी सर परिषदेच्या अध्यक्षपदावरून उतरायचे होते. निरोपाचं भाषण त्यांनी मोठ्या मनाने साध्या सत्रात ठेवायला सांगितलं, सगळ्यांच्या बरोबरीने. त्यांच्यामागून एक नवखी प्राध्यापिका बोलणार होती आणि तिच्यामागून जेवण. काकूंनी पत्रिका वाचली आणि त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

सकाळी चिटणीस मुद्दाम जवळ आला. म्हणाला, काकू, आज जरा सांभाळून घ्या, सरांना मध्येच थांबवणं बरं दिसणार नाही. काकूंनी नुसतं हसून घंटेवरची धूळ पदराने पुसली.

सर बोलायला उभे राहिले. आपल्या गुरूंपासून सुरुवात करून ते परदेशवारीपर्यंत आले. काकूंनी पहिला टोला दिला, चांगला खणखणीत. मागच्या रांगांनी माना वर केल्या. सर बोलतच होते. वेळ संपली. काकूंनी दुसरा टोला दिला, मग तिसरा. सरांच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही. कोपऱ्यात कागद घट्ट धरून बसलेली ती नवखी प्राध्यापिका घड्याळाकडे बघत होती.

तेव्हा काकूंच्या लक्षात आलं. सरांना आता ऐकू कमी येत होतं, आणि बोलताना स्वतःचाच आवाज घुमतो म्हणून ते कानातलं यंत्र बंद ठेवत. इतकी वर्षं जपलेली घंटा, आणि ऐकणाऱ्याला कानच नाहीत. काकूंना क्षणभर रडावंसं वाटलं. मग त्यांनी घंटा उचलली.

चिटणीस हातवारे करून नको नको म्हणत होता. काकू पायऱ्या चढून व्यासपीठावर गेल्या, घंटा सरांच्या कागदांवर ठेवली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर बटण दाबलं. सर थबकले. काकू मायक्रोफोनकडे वाकल्या.

"सर, उरलेलं घरी वाचा."

मागून एका म्हाताऱ्या सभासदाला हसू फुटलं आणि बघता बघता ते सगळ्या सभागृहाला लागलं. सर गोंधळून विचारू लागले, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या ह्या? आणि चिटणिसावर सरांच्या कानाशी तोंड नेऊन तेच वाक्य ओरडून सांगायची पाळी आली. सर म्हणाले, आं? त्याने पुन्हा ओरडून सांगितलं. मायक्रोफोन चालूच होता.

नवख्या प्राध्यापिकेला तिचा पूर्ण वेळ मिळाला. तिच्यासाठी केलं, असं काकूंनी नंतर कुणालाही सांगितलं नाही. खोटं कशाला बोलायचं? तिचीही वेळ संपली तेव्हा काकूंनी तिलाही तसाच खणखणीत टोला दिला.

दुपारी चहाच्या टेबलाशी सर त्यांना शोधत आले. आता यंत्र कानात चालू होतं. ते वाक्य मी कुठेतरी ऐकलंय, म्हणाले. काकूंनी सांगितलं की ते त्यांचंच आहे. सरांनी कपातला उरलेला चहा संपवला.

"कपडे वाळवणाऱ्या त्या बाई तुम्ही?" त्यांचा आवाज खाली आला. "तेव्हाच बोलायचं होतंत. मी माफी मागितली असती."

"तेव्हा मला बोलायला वेळच कुठे उरला होता, सर?"

"मग आता मागतो."

काकूंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पुढचं सत्र सुरू व्हायला अवकाश होता, चांगला ऐसपैस. त्यांनी सरांच्या हातातला रिकामा कप घेतला, बशीवर नीट ठेवला, आणि म्हणाल्या, "माफ करा, सर, सत्राची वेळ झाली." सर तिथेच उभे राहिले.

घरी नवऱ्याने दार उघडलं आणि तोंडाकडे बघूनच ओळखलं. सगळं ऐकून पोट धरून हसला, मग जरा गंभीर झाला. म्हातारा माणूस माफी मागत होता गं, म्हणाला, द्यायची होतीस. काकूंनी पर्समधून घंटा काढली. ती परिषदेची, पण घासायला दरवर्षी काकूच घरी आणत.

"बरं, झालं ना आता समाधान?" त्याने विचारलं. "पुढच्या वर्षी तरी घरी बसशील?"

काकूंनी ओल्या फडक्याने पितळ चोळायला घेतलं.

"छे. पुढच्या वर्षी चिटणीस बोलणार आहे," त्या म्हणाल्या. "आणि त्याचे कान चांगले शाबूत आहेत."