पंचफुलाबाईंचं गेट

कोरोनात आमच्या सेलूच्या कॉलेजचे नियम काढले प्राचार्यांनी, पण पाळायला लावले गेटवरच्या पंचफुलाबाई थूल यांनी. कुणाचा मास्क जरा घसरला, की त्या गरजायच्या, "वर घे वं! नाक काय घरी ठेवून आली?" पोरंच काय, आम्ही ऑफिसवालेही त्यांना टरकून असायचो.

परवा त्या वेळची विद्यार्थिनी मोनाली टीसी न्यायला आली. बाईंनी अडवलंच. "कोन पाह्यजे तुले?"

मोनालीनं ओढणी नाकावर ओढली.

"अवं माय, मोनाली!" बाई खळखळून हसल्या.

मोनाली बघतच राहिली. बाईंचा उघडा चेहरा तीही पहिल्यांदाच पाहत होती. "बाई, तुम्ही हसता?"

"तेव्हाबी हासूनच राह्यली होती वं," बाई म्हणाल्या, "मास्कच्या आत."