मोठ्या बुटांचा पोरगा

अर्नेस्ट पेनफोल्डला बड्या नटांचं काही कौतुक नव्हतं. इंग्लंडमधल्या लुईस गावच्या आठवडी बाजारात माझ्या कपबशांच्या टेबलाला लागून त्याचं टेबल असे. शंभर वर्षांपूर्वीच्या नटनट्यांचे, पुठ्ठ्यावर चिकटवलेले छोटे फोटो त्यावर मांडलेले. विकायचा कमी, विकत घ्यायचा जास्त. त्याला एकच चेहरा हवा होता, पणजीचा. लॉटी हार्मर घर सोडून नाटकात गेली, म्हणून देवभोळ्या घरच्यांनी तिचे सगळे फोटो शेगडीत घातले होते. तिच्या शोधात अर्नेस्टची चाळीस वर्षं गेली. मला हा खुळेपणा वाटे आणि मी तसं तोंडावर बोलूनही दाखवी.

टेबलावरच्या फोटोंत एक खलाशी पोरगा होता, पायात भलेमोठे बूट. फोटोच्या पाठीला जुन्या अल्बमचा काळा कागद चिकटलेला, त्यामुळे नाव कळायला मार्ग नव्हता. कुणी घेईना. "बापाचे बूट घालून पळालाय लेकाचा," असं गिऱ्हाइकांना सांगत अर्नेस्ट दर आठवड्याला त्याला पुढे मांडायचा.

मग त्याचे डोळे गेले. वर्षभरात उजेड-अंधारापलीकडे काही दिसेनासं झालं.

टेबल मोडायचं ठरलं, तेव्हा फोटो आवरायला मी त्याच्या घरी गेले. हात रिकामे राहू नयेत म्हणून पोरग्याच्या पाठीवरचा कागद ओल्या फडक्याने सोडवत बसले. खाली पेन्सिलीने लिहिलेलं नाव निघालं. लॉटी हार्मर. त्या काळी हलक्याफुलक्या नाटकांत पोरांची कामं बायाच करत, हे मला शिकवलं होतं ते अर्नेस्टनेच.

गप्प बसले असते तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं. पण मला खोटं जमत नाही. सांगून टाकलं.

त्याने हात पुढे केला, मी फोटो त्यात ठेवला. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

"कशी दिसते गं, एनिड?"

"कपाळ रुंद आहे. हनुवटी तुझ्यासारखीच, हट्टी."

"असेल." त्याने फोटोवरून अंगठा फिरवला. "मला नुसते बूट आठवतात. चेहऱ्याकडे मी कधी नीट बघितलंच नाही."