उजव्या बुटाचं कातडं

लालबागच्या एका चाळीच्या जिन्याखाली कोंडीरामचं बुटांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक माणूस बसला की भरलं. चाळीस वर्षं तो तिथे बूट शिवतोय आणि चाळीस वर्षं पाण्याला शिव्या घालतोय. कातडं विकणाऱ्यांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. कोणी 'वॉटरप्रूफ' म्हणून काही पुढे केलं, की हा गृहस्थ त्यातला वीतभर तुकडा कापणार, द्रोणासारखा दुमडून चिमटे लावणार, आत पाणी ओतणार आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून देणार. कागद किती वेळाने भिजला, तेवढंच खरं. बाकी सगळ्या बाता.

मुलीच्या बुटांसाठी त्याने असे चार द्रोण मांडले होते. बकरीचं कातडं मऊसूत, पण अर्ध्या तासात कागद ओला. सुएडने तर पाणी पिऊनच टाकलं. म्हशीचं साधं कातडं दुपारपर्यंत टिकलं. तेल-मेण पाजलेलं म्हशीचं कातडं मात्र दुसऱ्या दिवशीही कोरडं ठणठणीत. त्याचेच गुडघ्यापर्यंतचे बूट शिवले.

मुलगी म्हणजे रश्मी, महापालिकेत इंजिनियर. पाऊस लागला की परळच्या सखल रस्त्यावर पाणी उपसणाऱ्या पंपांवर तिची ड्युटी. दहाव्या वर्षापासून तिला डायबिटीस, रोजचं इन्सुलिन, पायाला काही लागलं तर महिनाभर भरत नाही. जूनमध्ये गमबूट घासून उजव्या टाचेला फोड आला आणि फुटला. डॉक्टर म्हणाले, पाण्यात जाऊ नका. ही म्हणाली, मग पंप कोण बघणार? बापासारखीच हट्टी, बोलणार कोण. म्हणून हे बूट.

आणि कोंडीरामच्या डोळ्यांपुढे अमित होता. शेजारच्या खोलीतला, तिशीतला माणूस. गेल्या पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून घरी आला. टाचेला एक भेग होती, एवढंच. रस्त्यावरच्या त्या पाण्यात उंदरांचं मूत, त्यातून लेप्टोचा ताप आला आणि नवव्या दिवशी गेला. त्याला खांदा दिल्यापासून कोंडीराम साचलेल्या पाण्याला जाम घाबरतो. डबकं दिसलं की पलीकडच्या फुटपाथने जातो.

त्या मंगळवारी सकाळपासून धो धो पडत होता. गिऱ्हाईक नाही, म्हणून त्याने उरलेले तुकडे आवरायला घेतले. त्याची एक सवय आहे. प्रत्येक बुटाच्या कातड्याची एक पट्टी मागे ठेवायची, पाठीमागे बॉलपेनने नाव आणि डावा-उजवा लिहून. रश्मीच्या दोन पट्ट्या हाताला लागल्या. डावी घट्ट होती. उजवी बोटांत वाकवली तशी तिच्यावर बारीक सुरकुत्यांची जाळी उठली.

ते पोटाचं कातडं होतं. जनावराच्या पाठीचं कातडं दाट असतं, पोटाचं सैल. तेल कितीही पाजा, पोटाचं पाणी ओढणारच. द्रोण केला तो पाठीच्या तुकड्याचा. डावा बूट कापला तोही पाठीतून. उजवा दुसऱ्या दिवशी कापला, तेव्हा कातडं उलटं पसरलं गेलं आणि चाळीस वर्षांच्या कारागिराने न बघता रापी चालवली. त्याने त्या पट्टीचा द्रोण केला. वीस मिनिटांत कागद भिजला.

नेमका जखमेचा पाय. त्याने रश्मीला फोन लावला. रिंग वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दोन वाजले होते आणि ती सातपासून ड्युटीवर. वीस मिनिटं कुठे आणि सात तास कुठे. त्याला अमितचे पिवळे पडलेले डोळे आठवले. दुकान तसंच उघडं टाकून तो निघाला.

परळच्या बाजूला पाणी आधी घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना, मग गुडघ्यांना. कोंडीराम चालत राहिला. पुलाच्या पायऱ्यांवर पंपाशेजारी रेनकोटातली रश्मी दिसली.

"पप्पा? तुम्ही इथे काय करताय?"

"उजवा बूट काढ आधी."

"अहो, पण झालं काय?"

"काढ म्हणतो ना, बाय. त्याला पोटाचं कातडं लागलंय. माझी चूक. पाणी गेलं असेल आत."

रश्मीने पायरीवर बसून नाडी सोडली. बूट आतून ओला होता. पण मोज्यावर दुधाच्या दोन धुतलेल्या पिशव्या, वर रबर घट्ट लावलेलं. मोजा कोरडा, जखमेवरची पट्टीही कोरडी.

"पहिल्याच दिवशी कळलं मला," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जेवला नसता."

कोंडीराम तिच्या शेजारी पायरीवर बसला. डोळे पुसले. रश्मी हसत होती, आणि हसता हसता तिची नजर खाली गेली. ती त्याच्या पायांकडे बघत होती. पायात रबरी चपला, दोन्ही टाचांना जुन्या भेगा, पाण्याने फुगून लाल झालेल्या. अमितला एकच होती.

"पप्पा, तुम्ही या पाण्यातून चालत आलात?"

तेव्हा कुठे कोंडीरामने खाली पाहिलं. सबंध वाटेत त्याला स्वतःच्या पायांची एकदाही आठवण झाली नव्हती.

रश्मीने बाटलीतल्या पाण्याने आणि साबणाने त्याचे पाय घासून धुतले, पंप दुसऱ्यावर सोपवला आणि त्याला थेट हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. वेळेत आलात म्हणाले, पण ताप आला तर एक तासही घरी थांबू नका.

आज पाचवा दिवस. नवा उजवा बूट पाठीच्या कातड्यातून शिवून तयार आहे आणि त्याच्या द्रोणाखालचा कागद कालपासून कोरडा आहे. रश्मीने अजून तो पायात घालून पाहिलेला नाही. रोज सकाळी ती बापाच्या तोंडात थर्मामीटर ठेवते आणि घड्याळाकडे बघत उभी राहते. कोंडीराम तिच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. दोघंही अमितचं नाव काढत नाहीत.