मांडीचं सिंहासन

टिकायतला एका जागी बसवत नाही, हे केंदुगडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. टिकायत म्हणजे राजाचा थोरला, गादीचा वारस. कागदावरचं नाव अर्कप्रताप धीरदेव, पण ते नाव फक्त वीजबिलावर. आता गादी कुठली आणि राज्य कुठलं? राजवाड्यात सरकारी कॉलेज भरतं, हत्तीखान्यात सोसायटीचं खत ठेवतात आणि राजाचं बिऱ्हाड जुन्या पाहुणेघराच्या चार खोल्यांत. तरी डोंगरातल्या भुइया आदिवासींना विचारलं तर ते म्हणत, राज्य गेलं असेल, राजा कुठे गेलाय?

त्या एका 'कुठे गेलाय'ने बिचाऱ्या टिकायतच्या बुडाखाली निखारा ठेवला होता. त्याने विम्याची एजन्सी घेतली, तर लोक आधी पाया पडत आणि पाया पडून झालं की विमा नको म्हणत. संबलपूरला फरशांच्या दुकानात भागी केली, तर राजाचा पोर फरशी पुसताना कसा दिसतो ते बघायला गिऱ्हाइकं येत. शेवटी एक जुनी बस घेऊन तो शाळेची पोरं ने-आण करू लागला. तेवढं मात्र जमलं, कारण बस फार वेळ थांबत नाही. घरी चहासुद्धा तो उभ्याने पिई. जेवताना दोनदा उठे. त्याची बायको सुलग्ना म्हणे, "तुमच्या गादीला चाकं लावायला हवी होती."

बसमधली पुढची सीट बापाची. राजा पद्मलाभ सकाळी पखाळ, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, खाऊन, धुतलेलं धोतर नेसून पोरांच्या आधी येऊन बसलेला असे. पोरं त्याला राजा-अजा, म्हणजे राजा-आजोबा, म्हणत आणि त्याच्या खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या लंपास करत. म्हातारा खुशाल लुटून घेई. नदीवरचा पूल आला की मात्र तो मान फिरवून डोंगराकडे बघे. पुलाखाली मसणवट होती.

एकदा पोरं उतरल्यावर, परतताना पुलावर टिकायतने विचारलंच, "बापा, इकडे कधी बघत का नाही तुम्ही?"

"इथे माझ्या बापाला पुरोहिताने अग्नी दिला," म्हातारा म्हणाला. "मी तिकडे गुळाचे आरिसे खात बसलो होतो. गोड खावं लागतं ना त्या दिवशी."

केंदुगडची रीतच तशी. इथे राजा मरत नाही. एकाने डोळे मिटले की दुसऱ्याने गादीवर बसायचं, मगच मागच्या दाराने प्रेत उचलायचं. नव्या राजाने मसणात जायचं नाही, रडायचं नाही, सुतक धरायचं नाही. आणि गादी म्हणजे तरी काय? भुइयांच्या पुजाऱ्याची, देहुरीची, मांडी. देहुरी दगडावर बसतो, राजाला मांडीवर घेतो, मागून दोन्ही हातांनी धरतो आणि पागोटं बांधतो. राजा आम्ही केला, असं भुइया सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही.

"मला तू दे," म्हातारा म्हणाला.

"काय?"

"अग्नी."

"देईन की," टिकायत म्हणाला आणि त्याने गिअर टाकला.

चैत्रातल्या एका सकाळी म्हातारा बसमध्ये येऊन बसला नाही.

दुपारच्या आत डोंगरातून भुइया उतरले, ढोल घेऊन. पुढे मकर देहुरी, गुडघे गेलेले, काठी टेकत. तो पाहुणेघरासमोरच्या दगडावर कण्हत बसला आणि त्याने मांडी घातली. टिकायत अंगणात येरझारा घालत होता.

"ये, बस," देहुरी म्हणाला. भुइया राजालाही अरे-तुरेच करतात.

"काका, मी मसणात जाणार आहे. बापाला शब्द दिलाय."

"मग प्रेत उठायचं नाही. गादी रिकामी ठेवून राजा उचलला, तर डोंगरात कुठल्या तोंडाने जायचं आम्ही?"

"कसली गादी, काका? शाळेची बस चालवतो मी!"

"चालव की. आम्ही कुठे थांबवलीय तुझी बस? ते ड्रायव्हरचं काम झालं. हे राजाचं. तुझ्याकडे वेळ नसेल तर तसं सांग."

मागच्या भुइया पोरांत कुणीतरी हसलं. टिकायत तडक आत गेला, बापाच्या उशाशी उभा राहिला, पुन्हा बाहेर आला, विहिरीपर्यंत जाऊन परत फिरला. ऊन चढत होतं. बापाखालचा बर्फ वितळून ओटीवर ओघळ आले होते. त्याचं डोकं फुटायची वेळ आली. शब्द मोडावा तर बाप फसवला, पाळावा तर बाप इथेच पडून.

सुलग्ना दाराशी आली. "अजून किती ताटकळत ठेवणार त्यांना?" एवढंच ती म्हणाली.

तो गेला आणि मुकाट्याने देहुरीच्या मांडीवर बसला. हाडकी मांडी होती. देहुरीने मागून दोन्ही हातांनी त्याला आवळलं. शंख वाजला, ढोल वाजले, कुणीतरी त्याच्या ओठांशी आरिसा धरला. तेवढ्यात पाहुणेघराचं मागचं दार करकरलं. मग 'राम नाम सत्य है' सुरू झालं आणि हळूहळू नदीकडे जाऊ लागलं.

टिकायतने आरिसा तोंडात घेतला नाही. तो मान वळवून नदीकडे बघत राहिला.

"रडतोयस?" देहुरीने कानाशी विचारलं.

"नाही."

"तुझा बापही नाहीच म्हणाला होता. ह्याच दगडावर, माझ्या बापाच्या मांडीवर. मी छत्री धरून उभा होतो." देहुरी पुढे म्हणाला, "त्याने उठायला बघितलं रे. माझ्या बापाने मिठी सोडली नाही, आणखी घट्ट केली. नंतर तुझा बाप सगळ्या डोंगराशी बोलायचा, पण माझ्या बापाशी मरेपर्यंत बोलला नाही. मला हे कळायला म्हातारं व्हावं लागलं."

आणि देहुरीने हात सोडले.

"जा. पागोटं अजून बांधलेलं नाही. तोवर तू त्याचा पोर आहेस."

"आणि गादी?"

"गादी म्हणजे ही मांडी. मी हललो नाही म्हणजे गादी हलली नाही. पळ."

ढोल बंद पडले. भुइयांत कुजबुज सुरू झाली. "बडवा रे! राजा होतोय अजून," देहुरी ओरडला. ढोल पुन्हा सुरू झाले आणि टिकायत अनवाणी नदीकडे धावत सुटला.

अग्नी त्याने दिला. मसणात त्याला बघून पुरोहिताच्या हातातली चूड आपोआप पुढे आली. चिता बसेपर्यंत तो तिथे उभा राहिला, मनसोक्त रडला, नदीत बुडी मारली आणि निथळत परत आला.

ऊन कलंडलं होतं. ढोलवाले दमून सावलीत पडले होते. देहुरी तिथेच, तसाच बसला होता. ओठ कोरडे, कपाळावर घामाचं मीठ, मांडी जशीच्या तशी.

"ये," तो म्हणाला.

टिकायत ओल्या कपड्यांनी मांडीवर बसला. देहुरीने पागोटं बांधलं. "मणिमा!" भुइया ओरडले, राजाला मारायची ती हाक. सुलग्नाने आरिसा पुढे केला, तो त्याने खाल्ला. शंख वाजून गेला, ढोल थांबले, लोक पांगू लागले. राजा बसूनच.

"ऊठ आता," देहुरी कळवळून म्हणाला. "माझे पाय गेले रे."

पण ज्याला जन्मात कुठे बसवलं नाही, त्याला उठवेना.