माझ्या रिकाम्या घरातली बाई

रिकाम्या घराचा विमा उतरवता येतो, पण विमा उतरवलेलं घर रिकामं ठेवता येत नाही. हे मला विलासनं पॉलिसी हातात पडल्यावर सांगितलं.

विलास माझा विद्यार्थी. आदिलाबादच्या मराठी शाळेत मी त्याला गणित शिकवलं आणि तो विमा एजंट झाला, यात माझा दोष किती ते मला अजून कळलेलं नाही. रिटायर झाल्यावर जे पैसे आले, त्यातून मी गावाबाहेर गुडीहत्नूरच्या रस्त्याला, नव्या कॉलनीत एक घर बांधलं होतं. दोन खोल्या, किचन, पुढं ओटा. भाड्यानं द्यायचं म्हणून. विलास त्या ओट्यावर बसून मला आग, वीज, वादळ, भूकंप आणि घरावर विमान पडणं असं एकेक समजावून सांगत गेला. (आमच्याकडं विमान उतरत नाही, पण वरून जाते ना सर, असं त्याचं म्हणणं.) मी घाबरून सही केली. मग चहा पिता पिता तो सहज बोलल्यासारखं बोलला, “सर, एक ध्यानात ठेवजा. घर महिनाभराच्या वर बंद राह्यलं तं क्लेम अडकते.”

“म्हणजे?”

“म्हणजे घरात कोनी तरी राहून राह्यलं, असं दिसलं पायजे. कंपनीचा मानूस कवाही पाहाले येऊ शकते.”

आणि घर तर बंदच होतं. कारण मी. आलेल्या प्रत्येक भाडेकरूची मी ओट्यावरच तोंडी परीक्षा घेत होतो. भिंतीला खिळे किती ठोकणार, मुलं किती, मुलांचे मार्क किती. एका गृहस्थाला मी मुलाचं प्रगतिपुस्तक घेऊन यायला सांगितलं, तो पुन्हा आलाच नाही.

शेवटी आमच्या शकुंतलाबाईंनी, म्हणजे माझ्या बायकोनं, निकाल सुनावला. “संक्रांतीपर्यंत भाडेकरू आना. नाई तं माझा मधू राहाले येईन. घर बंद ठेवन्यापरीस आपलं मानूस राह्यलेलं काय वाईट?”

मधू म्हणजे माझा साळा, मधुकर. राहतो तलमडुगूला. एकदा दात दाखवायला म्हणून दोन दिवसांसाठी आमच्याकडं आला आणि कापसाची वेचणी संपल्यावर गेला. वेचणी तिकडं त्याच्या शेतात चालली होती, हा इकडं माझ्या पलंगावर होता. असा माणूस फुकटच्या घरात एकदा शिरला, तर त्याला बाहेर काढायला विमान पडावं लागेल. मी हादरलो.

मग एका बाजूनं जाहिरातीची धूम सुरू झाली. मुलानं हैदराबादहून मोबाइलवर फोटो टाकले. मी स्वतः मराठी, हिंदी, तेलुगूत कागद लिहून बस स्टँडवर आणि चहाच्या टपऱ्यांवर चिकटवले. ‘घर भाड्याने देणे आहे. पूर्ण रिकामे. आजच राहायला या.’ आणि दुसऱ्या बाजूनं, कंपनीचा माणूस येईल म्हणून, तेच घर भरलेलं दिसावं याची तयारी चालली होती. गेटवरची टू-लेटची पाटी मी काढून माळ्यावर टाकली. शकुंतलेनं तिच्या जुन्या साड्या दिल्या, रोज एक दोरीवर वाळत घालायला. दारात बायकी चपला ठेवल्या. मी रोज संध्याकाळी ज्वारीची भाकर आणि झुणक्याचा डबा घेऊन तिथं जायचो, लाइट लावायचो, झोपायचो आणि सकाळी घरी यायचो. एका हातानं मी घर रिकामं करत होतो, दुसऱ्या हातानं भरत होतो, आणि यात काही चुकतंय असं मला, गणिताच्या मास्तराला, वाटलं नाही.

“अन् दारात मुग्गू?” शकुंतलेनं विचारलं.

मुग्गू म्हणजे रांगोळीच, पण आमच्या तेलुगू शेजारणींच्या दारात ती उजाडायच्या आत पडली पाहिजे. त्यात संक्रांतीचा महिना, म्हणजे एकेक बाई अर्धा रस्ता व्यापते. ज्या दारात मुग्गू नाही, त्या घरात कोणी राहत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

“मंग ये तू सकाळी,” मी म्हटलं.

“माहे गुडघे बसू देतेत काय? तुमीच काढा.”

“मी?”

“काऊन? जिंदगीभर फळ्यावर गोल काढले ना तुमी?”

आता आदिलाबादची थंडी काय असते, ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. पहाटे बादलीतल्या पाण्यात हात घातला की हात आपला आहे की नाही याची शंका येते. आणि थंडीपेक्षा लाज मोठी. रिटायर मास्तर रस्त्यावर उकिडवा बसून रांगोळी काढतोय, हे कोणी पाहिलं तर? म्हणून मी शकुंतलेची जांभळी शाल डोक्यावरून घ्यायचो, लुंगी पायापर्यंत सोडायचो आणि रस्त्याकडं पाठ करून बसायचो. फुलं मला येत नाहीत. मी पहिल्या दिवशी समद्विभुज त्रिकोण काढला. दुसऱ्या दिवशी वर्तुळ आणि त्याची स्पर्शिका. शेजारच्या पद्मक्का पलीकडून रोज काहीतरी बोलायच्या, पण आवाज ऐकला तर कळेल म्हणून मी मान खाली घालून आत पळायचो.

जाहिरातीला फोन भरपूर आले. “पत्ता सांगा सर, आत्ता येतो.” मी पत्ता सांगायचो, आणि माणूस गायब. सकाळी अकराला येणारा येत नसे, दुपारी चारला येणारा येत नसे. पुन्हा फोन लावला तर उचलत नसत. एकानं उचलला आणि “नाही सर, आम्ही फॅमिलीवाले आहोत,” एवढंच बोलून ठेवून दिला. मीही फॅमिलीवालाच आहे, हे सांगायची संधी मिळाली नाही. मी अटी काढून टाकल्या. खिळे ठोका म्हटलं. मार्क विचारणं बंद केलं. तरी कोणी नाही. तिकडं मधूनं तलमडुगूहून निरोप पाठवला, की माझी खाट घेऊन येऊ की तिथं आहे?

संक्रांत अगदी तोंडावर आली तेव्हा मंचेरियलहून बदली झालेल्या बँकेतल्या एका मॅडमचा फोन आला. श्रीलता मॅडम. त्या आणि त्यांची आई, दोघीच राहणार. असा भाडेकरू मिळणं म्हणजे नशीब. मी ठरवलं, यांना हातातून जाऊ द्यायचं नाही. बस स्टँडवर स्वतः घ्यायला गेलो, आणि शकुंतलेला म्हटलं, तू ऑटो करून पुढं हो, घर झाड, बाई माणूस पाहून त्यांना बरं वाटेल.

मॅडम, त्यांची आई आणि मी असे तिघं पोहोचलो, तर ओट्यावर शकुंतला बसलेली. तिच्याभोवती पद्मक्का आणि कॉलनीतल्या पाच-सहा जणी उभ्या. शकुंतलेचा चेहरा निर्विकार. तीस वर्षांच्या संसारात तो चेहरा मी दोनदाच पाहिलाय आणि दोन्ही वेळा मला घराबाहेर जेवावं लागलं.

“आले काय?” ती म्हणाली. “बोलवा तिले भायेर.”

“कोनाले?”

“जिच्यासाठी रोज डबा घेऊन येता तिले.”

झालं होतं असं. पद्मक्कांनी शकुंतलेला घर बघायला आलेली गिऱ्हाईक समजून, आजवर प्रत्येकाला सांगितलं तेच प्रेमानं सांगितलं होतं. बाई, इथं नका राहू. इथं एक म्हातारे सर रोज संध्याकाळी डबा घेऊन येतात. पहाटे एक बाई दारात मुग्गू काढते आणि तोंड लपवून आत पळते. मग सर घरी निघून जातात. ती बाई दिवसभर बाहेर पडत नाही. साड्या मात्र रोज नवीन. (हे सगळं तेलुगूत झालं होतं. मी मराठीत सांगतोय, कारण तेलुगूत ते अजून लागतं.)

आमच्यासमोर पद्मक्कांनी ते पुन्हा सांगितलं आणि मॅडमच्या आईला सगळं समजलं. तिनं लेकीचा हात धरला आणि ऑटोकडं वळली. माझ्या डोळ्यांपुढं खाट डोक्यावर घेतलेला मधू आला.

“अवो अम्मा, थांबा!” मी ओरडलो. “ती बाई मी आहे.”

याचा परिणाम मला वाटला होता तसा झाला नाही. आई अजून जोरात चालायला लागली.

मी शकुंतलेकडं पाहिलं. तिला तर सगळं माहीत होतं. शाल तिची, साड्या तिच्या, मला रांगोळी काढायला तिनंच बसवलेलं. तिच्या तोंडाचा कोपरा हलत होता. म्हणजे बाई मजा घेत होत्या.

“सांग ना त्यायले,” मी हात जोडले.

“म्या काऊन सांगू?” ती म्हणाली. “तुमी काढून दाखवा ना.”

मग भर सकाळी, उन्हात, कॉलनीतल्या सगळ्या बायकांसमोर मी जांभळी शाल डोक्यावरून घेतली, पाठ करून बसलो आणि मुग्गू काढायला घेतला. त्या दिवशी त्रिकोणही धड येईना.

“हीच ती!” मागून पद्मक्का ओरडल्या. “तोच पाठीचा बाक!”

मग जे हसणं सुरू झालं, ते थांबेचना. शकुंतला तर ओट्यावर आडवी झाली. मॅडम रुमाल तोंडात कोंबून उभ्या. आई मात्र हसली नाही. ती परत आली, माझ्या रांगोळीकडं बराच वेळ पाहिलं, आणि तिला ते बघवेना. तिनं पदर खोचला, माझ्या हातातली वाटी काढून घेतली, माझा त्रिकोण पाण्यानं पुसून टाकला आणि ठिपके टाकायला बसली. बघता बघता दारभर कमळं उमटली. हात झटकून उठली आणि लेकीला म्हणाली, “सामान कधी आणायचं?” आपण मुग्गू काढलेलं दार सोडून जाणाऱ्यातली ती बाई नव्हती.

संध्याकाळी विलासचा फोन आला. मी त्याला भाडेकरू मिळाल्याचं सांगितलं, आणि सगळं रामायणही सांगितलं. “पन सर,” तो म्हणाला, “मुग्गू काढाची काय गरज होती? घर बंद हाय म्हनून एक अर्ज दिला असता, तं मी कंपनीत टाकला असता.” मी त्याला विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. तो म्हणाला, “तुमी विचारलंच नाई.” हा पोरगा शाळेतही असाच होता.

संक्रांतीला मधू आला, तिळगूळ खाल्ला आणि खाट न टाकता तलमडुगूला परत गेला. मी सुटलो.

पण त्या सकाळची एक गोष्ट माझ्या जिवाला लागून राहिली आहे. आम्ही निघालो तेव्हा पद्मक्कांनी शकुंतलेचा हात हातात घेतला होता आणि तिला बाजूला नेऊन, पण मला नीट ऐकू येईल अशा बेतानं, म्हणाल्या होत्या, “अम्मा, मनाला लावून घेऊ नका. आम्ही सगळ्या तेव्हाच म्हणत होतो, सर दिसायला इतके बरे, मग ठेवलेली ती बाई अशी का? ना अंगाला वळण, ना हाताला.”

जन्मभर मान खाली घालून सरळ चाललो. एकदा कुठं माझं नाव एका बाईशी जोडलं गेलं, तर ती बाई मीच निघालो, आणि तीही अख्ख्या कॉलनीत कोणाला पसंत पडली नाही.